सहा डबे पिणारी हत्तीण

ऐका, लहानांनो, आणि मोठ्यांनो, तुम्हीही जरा सुपारी कातरायची थांबवून ऐका. फार जुन्या काळची गोष्ट आहे. तेव्हा मालाचे मोठमोठे ट्रकसुद्धा पेट्रोलवर चालत. रस्ते अरुंद होते, घाट अवघड होते, पण वाटेत कुणी हात केला तर गाडी थांबायची. आता कोण कुणासाठी थांबतं?

त्या काळी एका डोंगरमाथ्यावर एक गाव होतं. तिथल्या राजाने गावाला एक ट्रक दिला होता. लाकडी हौद्याचा, पितळी भोंग्याचा, चांगला अवाढव्य. लोक त्याला कौतुकाने हत्तीण म्हणत. बाजाराच्या दिवशी हत्तीण धान्य, घोंगड्या आणि आजारी माणसं घेऊन घाट उतरायची. मीठ, गूळ आणि औषधं घेऊन परत यायची. तिचा भोंगा खालच्या वळणावर वाजला की वर घराघरांत चहाचं आधण ठेवलं जायचं. काय दिवस होते ते!

हत्तिणीचा ड्रायव्हर एकच. ती गावात आली तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं, आता मिशी पांढरी झाली होती. तिच्या काचेवरची धूळ तो स्वतःच्या पागोट्याने पुसायचा. बायको म्हणायची, "माझ्याकडं कधी एवढ्या निगुतीनं बघितलं न्हाई."

राजाच्या कोठारातून एका फेरीला चार डबे पेट्रोल मिळे. वर्षानुवर्षं तेवढ्यात भागलं. मग कधीतरी पाचवा डबा लागू लागला, आणि पुढे सहावा. जास्तीचं पेट्रोल गाव वर्गणी काढून आणू लागलं. वर्गणी सुरू झाली आणि तिच्या पाठोपाठ कुजबुजही सुरू झाली.

एके दिवशी पाटील ड्रायव्हरच्या ओट्यावर येऊन बसले. दोघं बालमित्र. राजाच्या माणसाने पहिल्यांदा हत्तीण चालवत गावात आणली तेव्हा दोघंच तिच्या मागे धूळ खात वेशीपर्यंत धावले होते. पण आज पाटील पायाच्या अंगठ्याकडे बघत बोलत होते.

"गाव म्हनतंय, पेट्रोल इकलं जातंय."

"आन् तू काय म्हनतोस?" ड्रायव्हरने विचारलं.

पाटलांनी उत्तर दिलं नाही. ते एवढंच म्हणाले, "येत्या बाजाराला चार डब्यांत जाऊन ये. न्हाईतर हत्तीण राजाला परत द्यायची, असं ठरलंय."

पाटील गेले. ड्रायव्हरला हत्तीण जाण्याचं दुःख होतंच, पण मित्र गप्प बसला ते त्याच्या फार जिव्हारी लागलं. चोर हा शब्द कुणी तोंडाने उच्चारला नव्हता, तरी तो घरात येऊन बसला होता.

मग तो हात धुऊन हत्तिणीच्या मागे लागला. त्याने कार्बोरेटर उघडून साफ केला. प्लग काढून त्यांच्यावरची काजळी खरवडली. हवेची जाळी धुतली. पेट्रोलची टाकी हात फिरवून, वास घेऊन तपासली. कुठे गळती नव्हती. चाकांत हवा टम्म होती. खालच्या बाजारातला मिस्त्री खास वर आला आणि इंजिनाला कान लावून म्हणाला, "इंजिन ठणठणीत हाय. तुमास्नी पेट्रोलच कमी मापून देत असतील."

तेवढ्यावर ड्रायव्हरने कोठारातल्या माणसावर संशय घेतला. मग टाकीजवळ खेळणाऱ्या पोरांवर घेतला. एकदा तर त्याने पाटलांच्या गड्याकडेही वाकड्या नजरेने पाहिलं. संशयाचं असंच असतं, एकदा घरात घेतला की तो पाहुण्यासारखा परत जात नाही.

एका गोष्टीचं मात्र त्याला समाधान होतं. पूर्वी हत्तीण उतारावर उधळल्यासारखी धावायची. आता ती उतारावरही पाऊल मोजून टाकल्यासारखी यायची. "वय झालं की समज येती," असं तो बायकोला कौतुकाने सांगायचा.

बाजाराचा दिवस उजाडला. माल भरून झाला, माणसं दाटीवाटीने बसली. टाकीत चार डबे ओतले ते पाटलांच्या समोरच. ड्रायव्हरने सेल्फ मारला. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा मारला. आता खोकलंही नाही, बॅटरी उतरली होती. पुढून फिरवून इंजिन सुरू करायचं हँडल तर त्याने सेल्फ बसला त्याच दिवशी लोहाराला देऊन टाकलं होतं.

पूर्वी सेल्फ नव्हता तेव्हा थंडीच्या दिवसांत सगळं गाव हत्तिणीला ढकलायचं. बायका पदर खोचून यायच्या, म्हातारे नुसताच हात लावायचे, कुणीतरी आरोळी द्यायचं आणि हत्तीण वेशीपर्यंत घरंगळत जाऊन सुरू व्हायची. तो एक सणच असायचा. सेल्फ आला आणि गावाचा हात हत्तिणीला लागायचा बंद झाला.

आज तर मदत मागायलाही त्याला तोंड नव्हतं. तरी तो खाली उतरला आणि म्हणाला, "ढकलता का जरा?"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकेक जण पुढे झाला. ड्रायव्हरने बायकोला स्टिअरिंगवर बसवलं, गाडी न्यूट्रलला टाकली आणि स्वतः मागे जाऊन खांदा लावला. इतक्या वर्षांत तो कधी तिच्या मागे उभा राहिला नव्हता. त्याची जागा नेहमी पुढे, सीटवर.

आरोळी झाली. हत्तीण जागची हलली नाही. बसलेली माणसं उतरली, त्यांनीही जोर लावला. ती कण्हली, वीतभर सरकली आणि थांबली.

"पैलं धा-बारा मानसांत जायची की ही!" कुणीतरी धापा टाकत म्हणालं.

ड्रायव्हरच्या खांद्याला मात्र काहीतरी कळलं होतं. हे ओझ्याचं जडपण नव्हतं. पुढे जायला निघालेल्या माणसाला कुणी मागून सदरा धरून ओढावं, तसं ते होतं. त्याने जॅक लावून मागचं चाक उचललं आणि हाताने फिरवून पाहिलं. चाक फिरेना. दुसरं उचललं. तेही फिरेना.

तो तिथेच मातीत बसला. त्याचा चेहरा पाहून पाटील जवळ आले.

"काय झालं रं?"

"चोर घावला," ड्रायव्हर म्हणाला. "मीच हाय."

मग त्याने सगळ्यांदेखत सांगितलं. काही वर्षांपूर्वी शेजारच्या गावचा ट्रक ब्रेक न लागल्याने घाटातून कोसळला होता. चालवणारा याचा जिवाभावाचा सोबती होता. त्या दिवसापासून याला घाट उतरायची भीती वाटू लागली. कुणाला सांगायचं? घाबरट ड्रायव्हरच्या गाडीत कोण बसेल? म्हणून तो गपचूप पाना घ्यायचा आणि ब्रेकचा नट जरासा आवळायचा. पुढच्या फेरीला परत भीती वाटायची, परत जरासा आवळायचा. शेवटी ब्रेक चाकांना इतके चिकटले की पाय न ठेवताही लागलेलेच राहू लागले. बिचारी हत्तीण चढावर, सपाटीवर, उतारावरसुद्धा ब्रेकशी झगडत चालत होती आणि त्या झगड्यात दोन डबे जास्त पीत होती.

"समद्यांवर संशय घेतला मी," तो म्हणाला. "तुझ्या गड्यावरबी."

पाटील त्याच्या शेजारी मातीत बसले. "मी तर तुझ्यावरच घेतला," ते म्हणाले. "माझं जास्त चुकलं."

ड्रायव्हरने एकेक नट बेताने सैल केला, चाक हाताने फिरवून पाहिलं, ब्रेक दाबून पाहिला. तो हवा तेव्हाच लागत होता. मग तो स्वतः स्टिअरिंगवर बसला आणि पुन्हा आरोळी झाली. या वेळी हत्तीण अशी सुटली की ढकलणारे दोघेचौघे तोंडावर पडले, आणि कितीतरी वर्षांनी वेशीपाशी सगळं गाव एकदम हसलं. तेवढ्यात ड्रायव्हरने गिअर टाकला, इंजिन सुरू झालं आणि माणसं परत चढून बसली.

पण घाटाच्या तोंडाशी ड्रायव्हरने गाडी थांबवली. मागे चालत आलेल्या पाटलांना तो हळूच म्हणाला, "मला लई भ्या वाटतंय."

पाटील वर चढले आणि त्याच्या शेजारी बसले. पहिल्या वळणावर त्यांनी हत्तिणीमागच्या त्या धुळीतल्या शर्यतीची आठवण काढली. दुसऱ्या वळणावर दोघं त्यात कोण जिंकलं यावरून भांडायला लागले. भांडता भांडता घाट कधी संपला ते त्यांना कळलंही नाही. चार डब्यांत फेरी झाली आणि थोडं पेट्रोल टाकीत उरलंही. हत्तीण गावातच राहिली. त्यानंतर ड्रायव्हरने तो नट भीतीपोटी कधी आवळला नाही. घाट उतरायचा धीर होईना की तो पाटलांना हाक मारायचा.

बाळांनो, मनात ठेवून जा ते एवढंच: लपवलेली भीती आपल्यालाच मागे ओढते, आणि जवळच्या माणसाला सांगितलेली भीती घाट पार करवते.