हत्तीचे मान मोटारीवर

“उद्या दिवस मावळायच्या आत आमच्या मोटारीचं वजन पाच मणांनी उतरलं पाहिजे! नाहीतर ऐरण डोक्यावर घ्यायची आणि वेशीबाहेर चालतं व्हायचं!”

खडकवणच्या राजेसाहेबांनी असा हुकूम सोडला आणि गेनू लोहाराच्या तोंडचं पाणीच पळालं. मोटारीच्या शर्यतीत राजेसाहेब लागोपाठ तिसऱ्यांदा हरले होते. शेजारच्या संस्थानिकाची मोटार भुर्रकन पुढं निघून जायची आणि खडकवणची मोटार गाभण म्हशीसारखी मागून डुलत यायची. परवा चौथी शर्यत होती. मोटारीची देखभाल गेनूकडे, मग खापर आणखी कुणाच्या डोक्यावर फुटणार?

आता ही मोटार जड का झाली, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. चार वर्षांमागं संस्थानचा हत्ती मेला. त्या हत्तीवर दरबाऱ्यांचे पिढीजात मान होते. हत्ती गेला म्हणून मान जातात होय? ते उचलून मोटारीवर चढवले! पुढं दिवाणजींचा नगारा. मागं सेनापतींची पितळी तोफ. बाजूला खजिनदारांची लोखंडी पेटी. आत छदाम नाही, पण कुलूप दोन शेरांचं! आसनाखाली राजज्योतिषांच्या नवग्रहांच्या नऊ शिळा. आणि या सगळ्यावर खुद्द राजेसाहेबांचं चांदीचं छत्र.

गेनूनं चाचरत विचारलं, “सरकार, निदान तोफ तरी काढू का?”

सेनापतींचा हात तलवारीवर गेला. राजेसाहेब कडाडले, “खबरदार! एकाही मानाला तुझा हात लागता कामा नये. आणि एकाही मानकऱ्याची कुरकूर आमच्या कानी येता कामा नये!”

गेनू घरी येऊन मटकन खाली बसला. “पत्रा खरवडून पातळ करू का गं?”

त्याची बायको भिवरा भाता ओढत होती. ती उसळलीच. “पत्रा खरवडून पाच मण निघत्यात व्हय? त्या मोटारीला काय धाड भरलीय? धाड भरलीय ती दरबाराला! तुम्ही गप बसा. सकाळी मी बघते.”

सकाळी पदर खोचून भिवरा दरबारात हजर!

“सरकार, वजन उतरवते. पण एक रीत मोडलीय, ती आधी जाग्यावर आणा.”

“कोणती रीत?”

“हत्तीवर मान व्हते, तवा मानकरी काय घरात लोळत व्हते? ज्याचा मान त्यो सोता दोन्ही हातांनी धरून हत्तीवर बसायचा. आता मान मोटारीवर चढले आन् मानकरी राहिले खाली. ह्यो अपमान न्हाई का त्यांचा?”

सगळ्या मानकऱ्यांनी माना डोलावल्या. अपमान हा शब्द ऐकला की त्या आपोआपच डोलत.

“मग हुकूम द्या सरकार! मोटार पळंल तवा ज्याचा मान त्यानं दोन्ही हातांनी धरून मोटारीवर उभं राहायचं. आज दुपारच्या सरावाच्या फेरीपासनंच!”

“अगं वेडे, त्यानं वजन वाढेल!”

“वाढलं तर आम्ही दोघं जातो वेशीबाहेर. ऐरण मी उचलते. ह्यांची पाठ धरते हल्ली.”

राजेसाहेबांना गंमत वाटली. हुकुमावर शिक्का पडला.

आणि मानकऱ्यांच्या माना डोलायच्या थांबल्या. राजेसाहेब मोटार कशी हाकतात, हे सगळ्या संस्थानाला ठाऊक होतं. गेल्याच महिन्यात वळणावर त्यांनी कडब्याची अख्खी गंजी अंगावर घेतली होती!

भिवरा मोटारखान्याच्या पायरीवर हाताची घडी घालून बसली. तासाभरात दिवाणजी आले.

“नगाऱ्याचं कातडं जरा सैल वाटतंय. मढवायला नेतो म्हणतो मी.”

“न्या की! कुणी धरलंय?”

मग सेनापती आले. चार शिपायांकडून तोफ उतरवत म्हणाले, “गंज चढलाय!”

“पितळेला?”

“तू लोहारीण आहेस की तोफखान्याची मामलेदार?” असं ओरडून ते गेले. खजिनदारांना अचानक आठवलं की पेटी मोजदादीला लागते. राजज्योतिषांनी तर पंचांगच उघडलं. “ग्रहांना वेग वर्ज्य आहे,” म्हणाले आणि नऊच्या नऊ शिळा हातगाडीवर घालून पसार झाले. अख्ख्या जन्मात ग्रहांना इतकं पळवलं नसेल त्यांनी!

दुपारी मोटार लाकूडवखारीच्या मोठ्या काट्यावर चढली. तोलाऱ्यानं आकडा सांगितला. साडेचार मण उतरलं होतं!

“कुणाची कुरकूर आली का सरकार?” भिवरानं विचारलं.

“नाही आली. पण अर्धा मण कमीच पडला!” राजेसाहेबांनी टाळी वाजवली. “हरलीस, भिवरा!”

गेनूनं डोळे मिटले. भिवरानं कमरेवर हात ठेवले.

“सरकार, सकाळचा हुकूम कुणाचा?”

“आमचा!”

“समद्यांना लागू?”

“अर्थात!”

“मग हे वरचं छत्र कुणाचा मान?”

राजेसाहेबांनी वर पाहिलं. “...आमचा.”

“मग धरा की दोन्ही हातांनी! आन् चाक कुणाच्या हाती द्यायचं तेवढं सांगा. दिवाणजींना देऊ?”

काट्याजवळ उभे असलेले दिवाणजी दोन पावलं मागं सरकले. आणि राजेसाहेब हसू लागले. इतके हसले, इतके हसले, की फेटा नाकावर आला! हसता हसताच ते मोटारीवर चढले आणि आपल्या हातांनी छत्र उपटून काढलं. तोलाऱ्यानं पुन्हा काटा पाहिला. पाच मण, वर पाच शेर!

“गेनू, तुझी ऐरण जागच्या जागी राहू दे! आणि लोहारसाळेला लागेल तेवढा कोळसा संस्थानच्या रानातून फुकट, सात पिढ्या!” राजेसाहेब डोळे पुसत म्हणाले. “भिवरा, तुझा तर हातोडाच मान म्हणून मोटारीवर बसवतो!”

“नगं सरकार!” भिवरा दोन्ही हात जोडून म्हणाली. “मग त्यो धरून मलाच वर उभं राहावं लागंल, आन् मोटार हाकणार तुम्ही!”

राजेसाहेबांचा फेटा पुन्हा नाकावर आला.