लंगड्या बकरीचा घास

“आईची परवानगी आनली काय?”

लहानगिरीबुवांनी विचारलं, तेव्हा मोतीराम गुरुजी पिशवीतून भगवी छाटी काढत होते. स्वतः कापड आणून स्वतःच शिवली होती म्हणे. कडेला दुहेरी टीप.

“कसली परवानगी?”

“संन्यासाची. बापाची नसली तं चालते, भावाची नसली तं चालते. पन माय ‘हो’ म्हनल्याशिवाय या मठात कोनाले छाटी देत नाही. रीत हाये आपली.”

गुरुजी हसले. अवघड म्हणून धास्ती घेतलेला प्रश्न सोपा निघाल्यावर पोरं हसतात, तसे.

“मग माझं काम झालं. मला आई नाही.”

बुवा सुपारी कातरत राहिले.

मी या पूर्णाकाठच्या मठात चाळीस वर्षं चूल सांभाळतो. ओसरीच्या भिंतीपलीकडेच माझं स्वयंपाकघर, त्यामुळे गुरुशिष्यांचं बोलणं फोडणीसोबत माझ्या कानावर पडतं. बुवांचं नाव लहानगिरी. अंगानं मात्र दारातून जरा तिरपेच आत येतात.

मोतीराम बोदवडे हे एका हायस्कुलाचे मुख्याध्यापक. वय पंचेचाळीसच्या पुढे, लग्न केलेलं नाही. सात महिने दर शनिवारी मठात यायचे. त्या दिवशी राजीनामा लिहून खिशात घेऊनच आले होते. मला ते कधी फारसे आवडले नाहीत. माणूस वाईट नव्हता, पण भाजीत मीठ कमी पडलं तरी त्यावर पाच मिनिटं बोलायचा.

“तीन वर्षांचा असताना बोदवडच्या बसस्टँडवर सापडलो,” गुरुजी म्हणाले. “आडनाव त्या स्टँडचंच. अनाथाश्रमात वाढलो. माझे पाश आधीच तुटलेले आहेत, बुवा. संन्यास घ्यायला माझ्याइतका मोकळा माणूस तुम्हाला मिळायचा नाही.”

“वाढवलं कोनं?”

“कोणी नाही. मीच माझा वाढलो.”

“असं…”

“हेच मी मुलांना सांगतो. गावोगाव व्याख्यानं देतो. दुःखच माणसाला घडवतं. लोखंड भट्टीत पडतं, तेव्हाच त्याचं हत्यार होतं.”

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला.

“भट्टीत लोखंड एकटंच पडते काय? सांडशीनं कोनी धरते का नाही त्याले?”

“माझ्या बाबतीत कोणी धरलं नाही.”

“मंग तं तू राख व्हाले पाह्यजे होता.”

गुरुजींना ते झोंबलं. त्यांचे कान लाल झालेले मी दारातून पाहिले.

“बरं,” बुवा म्हणाले. “माय नसंल तं नसू दे. ज्यानं तुह्या तोंडात घास घातला, त्याची परवानगी आन. तेही चालते.”

“साठ पोरं होतो आम्ही. ताटं मांडत, आम्ही खात असू. कोण कोणाच्या तोंडात घास घालतंय?”

“आठव.”

“आठवण्यासारखं काही नाही.”

…

बुवा उठले. मी आधाराला ओसरीवर गेलो. उठताबसताना एक हात गुडघ्यावर आणि एक माझ्या खांद्यावर, ही त्यांची नेहमीची पद्धत.

“चाल. परवानगीचं मंग पाहू. आधी एक काम कर.”

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दुर्गी बसली होती. आमच्या मळ्यात राबणाऱ्या शेवंताची ही तीन वर्षांची पोर. शेवंताला आदल्या सकाळी बाळंतपणासाठी तालुक्याला नेलं होतं, नवराही सोबत गेला. जाताना पोरगी झोपलेली होती, म्हणून न उठवता गेले. ती जागी झाली तर घर रिकामं. तेव्हापासून ना रडली, ना बोलली, ना जेवली. भिंतीला पाठ लावून दाराकडे बघत बसलेली.

मी सगळे उपाय करून थकलो होतो. गूळ दिला, केळं दिलं. खिचडी भरवायला गेलो तर तिनं ती माझ्या दाढीवर थुंकली.

“ही दुर्गी. कालपासून उपाशी हाये. हिले जेवू घाल,” बुवा म्हणाले.

“मी?” गुरुजी म्हणाले. “मला लहान मुलांची सवय नाही. आठवीच्या खालची मुलं मी कधी हाताळली नाहीत.”

“मले तं आठवीवरचीही जमली नाहीत. घाल.”

मी वरणभाताचं ताट त्यांच्या हातात दिलं. आता हे पोरीसमोर उभं राहून अन्नाच्या महत्त्वावर बोलणार, असं मला वाटलं. मनातल्या मनात मी हसूनही घेतलं.

गुरुजी थोडा वेळ उभे राहिले.

मग ते तिच्यासमोर बसले नाहीत. तिच्या शेजारी बसले, तिच्यासारखीच भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून. तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

भात कालवला. बोटांनी लहान लहान घास केले आणि ताटाच्या कडेला मांडले. पहिला घास उचलून त्यावर फुंकर घातली, आपल्या ओठाला टेकवून पाहिला आणि परत ठेवला.

“हा घास चिऊचा,” ते दाराकडे बघतच म्हणाले.

…

“हा घास काऊचा.”

दुर्गीनं मान वळवली नाही.

“आणि हा घास लंगड्या बकरीचा.”

दुर्गीनं मान वळवली.

“बकरी येते टुकटुक, टुकटुक. तिचा एक पाय मोडका. खिडकीशी येते आन् म्हनते, माहा घास कुठं हाये?”

मी हातातली पळी खाली ठेवली. कायम शुद्ध पुस्तकी बोलणाऱ्या या माणसाच्या तोंडून ‘माहा’ हा शब्द सात महिन्यांत मी पहिल्यांदा ऐकत होतो.

“कुठं हाये?” दुर्गी म्हणाली. दीड दिवसातला तिचा पहिला शब्द.

“हा काय. पन बकरीचं पोट दुखते आज. ते म्हनते, दुर्गीले द्या.”

पोरीनं तोंड उघडलं.

चिऊचा खाल्ला, काऊचा खाल्ला. बकरीचे तर चार खाल्ले. मग एकदम तिला आईची आठवण झाली आणि ती मोठ्यानं रडायला लागली. गुरुजींनी तिला मांडीवर घेतलं. रडता रडता तिनं आणखी दोन घास खाल्ले आणि त्यांच्या सदऱ्यावर तोंड पुसून तिथेच झोपली.

बुवा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते.

“गुरुजी.”

“हं.”

“चिऊ-काऊ साऱ्या जगाचे. माह्या आईनंही भरवले, याच्याही आईनं भरवले असतीन.” हे माझ्याकडे बोट दाखवून. “हे लंगडी बकरी कोनाची?”

…

गुरुजींचा उष्टा हात तसाच ताटावर राहिला आणि त्यावरचा भात वाळायला लागला.

“सुगंधाबाईची,” ते शेवटी म्हणाले.

“कोन सुगंधाबाई?”

“आश्रमात स्वयंपाक करायची. बकरी तिची होती. स्वयंपाकघराच्या मागे बांधलेली असायची.”

“सांग.”

“मला तिथे आणलं, तेव्हा मी जेवत नव्हतो. किती दिवस, ते माहीत नाही. ती बकरीला खिडकीशी आणायची. एक घास खरंच बकरीला द्यायची, मला दाखवून. आणि म्हणायची…”



“काय म्हनायची?”

“म्हणायची, ‘इचा पाय मोडला, ते दिसते बापा. तुह्यं काय मोडलं, ते मले दिसत नाही. पन दोघंबी जेवा.’”

बुवा खाली बसले. गुडघ्यावर हात न ठेवता बसले, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

“चौदाव्या वर्षी मी पळून गेलो होतो,” गुरुजी आता कोणी न विचारता बोलत होते. “तीन दिवसांनी परत आलो. व्यवस्थापकांनी मारलं. रात्री स्वयंपाकघरात गेलो, तर माझं ताट झाकून ठेवलेलं. मला वाटलं, आजच ठेवलं असेल. तर दुसरी मुलं म्हणाली, ती तिन्ही दिवस दोन्ही वेळा तुझं ताट झाकून ठेवत होती.”

…

“पुढच्या वर्षी बोर्डात माझा नंबर आला. सत्काराला ती आली, धुतलेलं लुगडं नेसून. पाहुण्यांनी विचारलं, या कोण? मी म्हटलं, आमच्याकडे स्वयंपाक करते.”

“तिनं ऐकलं?”

“शेजारीच उभी होती. म्हणाली, ‘हो जी, मी सैपाकीन.’ आणि दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात भाकरीवर लोण्याचा गोळा. रोजच्यापेक्षा मोठा.”

खोटं कशाला बोलू? माझे डोळे भरून आले. त्या वेळी मी कांदाही चिरत नव्हतो.

“हाये का गेली?” बुवांनी विचारलं.

“आहे. मलकापूरला लेकीकडे असते. दर दिवाळीला फोन करते.”

“काय म्हनते?”

“एकच. ‘मोत्या, जेवला काय रे?’ दुसरं काही नाही. मी मुख्याध्यापक झालो तेव्हाही तेच, पुरस्कार मिळाला तेव्हाही तेच. मला राग यायचा, बुवा. मोत्या हे काय माणसाचं नाव आहे? आणि मुख्याध्यापकाला कोणी जेवलास का विचारतं? गेल्या तीन दिवाळ्या मी फोन उचललेला नाही.”

ते रडायला लागले. पोरगी मांडीवर झोपली होती, म्हणून आवाज न करता रडले.

“तिनं वाढवलं मला. घास घास करून वाढवलं. आणि मी गावोगाव माईकवर सांगत फिरलो की मला कोणी नाही.”

बुवांनी त्यांना थांबवलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, “फोन हाये ना तुह्यापाशी?”

गुरुजींनी सदऱ्यानं डोळे पुसले. डाव्या हातानं फोन काढला, उजवा अजून उष्टाच होता. नंबर शोधायला त्यांना वेळ लागला नाही.

फोन कानापासून लांब धरला होता, म्हणून पलीकडचा आवाज आम्हाला ऐकू आला. म्हातारा, फुटका आवाज.

“कोन? मोत्या? आज काय दिवाळी हाये काय रे?”

गुरुजी मांडीवरच्या दुर्गीकडे बघत राहिले.

“बोलत काहून नाही? बरा हायेस ना? जेवला काय?”

“नाही,” गुरुजी म्हणाले. “नाही जेवलो, सुगंधामाय.”

‘माय’ तिनं पहिल्यांदाच ऐकलं असावं.

“मंग ये,” ती म्हणाली. “भाकर टाकतो.”

फोन ठेवल्यावर मी दुर्गीला गुरुजींच्या मांडीवरून उचलून घोंगडीवर ठेवलं. त्यांनी हात धुतले. राजीनाम्याचा कागद खिशातच होता, छाटी ओसरीवर तशीच पडलेली.

“चारची एस.टी. मिळते फाट्यावर,” मी म्हणालो.

“परवानगी इचारली नाही तू तिले,” बुवा म्हणाले.

“फोनवर नाही विचारवलं. समोर बसून विचारतो. आधी पाया पडतो, मग विचारतो.”

“इचार.”

गुरुजी चपला घालून पायरीवर उतरले आणि तिथेच घुटमळले. सात महिन्यांत या माणसाला मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. आता तो शाळकरी पोरासारखा उभा होता.

“बुवा… ती नाही म्हणाली तर?”

बुवांनी सुपारी तोंडात टाकली.

“तं तुले माय हाये.”