गुरगुऱ्याचा तिसरा प्रश्न

एकदा काय झालं, डोंगराखाली एक गाव होतं आणि डोंगरातल्या गुहेत गुरगुऱ्या नावाचा राक्षस राहायचा. दर दसऱ्याला पाटीपूजन आटोपलं, की तो शाळेच्या अंगणात यायचा. पाळीपाळीनं एका मुलाला उभं करायचा आणि तीन प्रश्न विचारायचा. उत्तर आलं नाही, की त्या मुलाचा आवाज काढून आपल्या भोपळ्यात कोंबायचा. मग ते पोर कायमचं मुकं.

गावातले पंतोजी काय करायचे, तर गेल्या दसऱ्याचे प्रश्न वर्षभर मुलांकडून घोकून घ्यायचे. छडी घेऊन, बरं का! आणि राक्षस दर वेळी नवेच विचारायचा. तो काय वेडा होता होय? पण गावाच्या डोक्यात कधी उजेड पडला नाही.

ठकूच्या भावाचा, नामाचा आवाज असाच गेला होता. आणि या दसऱ्याला पाळी होती ठकूची. तिला घास गोड लागेना.

त्यात पंतोजी थकले आणि शाळेत वेणूबाई आल्या. त्यांनी घोकणं बंदच केलं. मुलांना घेऊन त्या चिंचेखाली बसायच्या, मुंग्यांच्या रांगेमागे वाकून वाकून फिरायच्या. मुलं घरी जायचं विसरायची, इतकी रमायची. ठकूसुद्धा. पण घरी आली, की मुक्या नामाकडे बघून तिला दसरा आठवायचा.

"बाई, मला उत्तरं कधी शिकवणार?" तिनं रडवेलं होऊन विचारलं.

"तो काय विचारेल, मला तरी कुठं ठाऊक आहे गं?" बाई म्हणाल्या. "माहीत नसलं की आधी नीट बघायचं, मग विचारायचं. एवढंच मला येतं."

झालं! ठकूची उरलीसुरली झोपही उडाली.

मग दसरा उजाडला. गुरगुऱ्या आला.

"दिवस मावळला की चिंचेची पानं काय करतात?"

"मिटतात," ठकू म्हणाली. तिनं पाहिलं होतं ना!

"मुंग्या अंडी तोंडात धरून वर का निघतात?"

"पाऊस येणार असतो म्हणून."

मग तिसरा. "माझ्या गुहेच्या भिंतीवर रोज उजेडाचा एक ठिपका सरकतो. तो येतो कुठून?"

ठकूनं गुहा कुठे पाहिली होती? आईनं तोंडाला पदर लावला. राक्षसानं भोपळ्याचं बूच काढलं. पण त्या ठिपक्याचं ठकूला असं कुतूहल वाटलं, की तोंडून निघूनच गेलं, "सकाळी तो कुठे असतो?"

राक्षस थबकला. त्याला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं.

"बघितलं नाही," तो हळूच म्हणाला.

"मग चला की, बघू या!"

मग राक्षस पुढे, त्याच्यामागे ठकू, नामा आणि बाई. सगळे भीत भीत गुहेत शिरले. ठकूनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. वर छताला एक भोक होतं.

"तिथं हात ठेवा बघू!"

राक्षसानं हात ठेवला. ठिपका गेला. हात काढला, ठिपका आला. गुरगुऱ्या खदाखदा हसायला लागला. पुन्हा हात ठेवी, पुन्हा काढी. त्या नादात भोपळा पडून फुटला, तेही त्याला कळलं नाही. मग सगळे आवाज ज्याच्या त्याच्या गळ्यात जाऊन बसले.

ठकूच्या जिवात जीव नव्हता. नामा बोलेल ना? की तेच जुनं घोकलेलं म्हणत राहील?

नामानं घसा खाकरला. "ठके," तो म्हणाला, "उद्या तो ठिपका इथंच असेल का गं?"

ठकूला रडूच फुटलं.

पुढे गुरगुऱ्या बाईंच्या शाळेत शेवटच्या रांगेत बसायला लागला आणि गाव सुखानं नांदायला लागलं. चला, आता पांघरुणं घ्या, डोळे मिटा. काय विचारायचं असेल ते सकाळी.