कळपाबाहेरचा राजा

मंडळी, एकाच मालाला एक दुकानदार अस्सल म्हणाला आणि दुसरा भिकार, तर भरवसा कुणावर ठेवाल? भालेगडच्या आबासाहेब महाराजांचं घोडं नेमकं इथंच अडलं. मेजवानी झोडून निघालेला गोरा साहेब त्यांना हसून म्हणाला, "राजेसाहेब, तुम्ही इग्रीजियस आहात!" आणि थेट विलायतेच्या बोटीत जाऊन बसला.

दिवाण गोविंदपंत म्हणाले, "म्हणजे थोर! जुन्या इंग्रजीत हाच अर्थ."

इंग्रजी शाळेचे मास्तर खाकरले. "हल्ली मात्र नजरेत भरण्याइतक्या वाईटाला म्हणतात."

"मग साहेबाच्या नावानं पूल बांधू की त्याची तसबीर उतरवू?" महाराज गरजले. सगळा दरबार भिंतीला चिकटला.

तेवढ्यात हौसा धनगरीण आत आली. तिची मेंढरं सरकारी कुरणात शिरली म्हणून कोंडवाड्यात पडली होती, आणि उद्या मुदपाकखान्यात जाणार होती.

"सरकार, मेंढरं सोडा!"

"आधी तू हा शब्द सोडव! नाही सुटला, तर उद्या मटण."

हौसा मास्तरांकडे वळली. "गुर्जी, ह्या शब्दाचं मूळ गाव कंचं?"

"लॅटिन भाषा. मूळ अर्थ, कळपातून बाहेर निघालेला."

"आत्ता गं बया! मग ह्यो तर आमच्या घरचाच की! कळपाच्या भाईर दोन मेंढरं दिसत्यात, सरकार. एक म्होरक्या, त्याच्या मागं कळप चालतो. दुसरं खरूज झालेलं, त्याच्यापासनं कळप लांब पळतो. दिवाणजी बी खरं, गुर्जी बी खरं."

"आणि मी कोणतं?"

"मागं वळून बघा की! कळप कुठं हाय?"

महाराज वळले. पण त्याआधीच गोविंदपंत पागोटं सावरत त्यांच्या पाठीशी पोचले होते. त्यांच्यामागं मास्तर, कारकून, भालदार. पंखेवालासुद्धा.

"हे तर मला भिऊन आले!"

"छ्या! भ्यालेला कळप कुत्र्याच्या म्होरं पळतो, सरकार. ह्यो तर तुमच्या मागं हाय!"

महाराज क्षणभर त्या कुत्र्याचा विचार करत राहिले. मग असे खदखदून हसले की मागचा कळपही हसू लागला.

"सोडा हिची मेंढरं! आणि आजपासून सरकारी कुरण हिच्याच मेंढरांना चरायला!"

हौसानं मेंढरं मोजून घेतली आणि हाकली. तुम्ही ही गोष्ट पुढं सांगाल, तेव्हा त्यात पदरचं एकही मेंढरू घालू नका बरं; तेवढा हिशेब चोख ठेवा.