चिंचेचं पोतं

"मग सभेला लोक येत का नाहीत, बाबा? तेवढं सांगा."

फकीर नूरशाबाबांनी दगडावरच्या चिंचेवर दांडकं मारलं. ते चिंचा फोडत होते.

रेवणसिद्ध उभाच राहिला. गावानं त्याला सरपंच करून वर्ष झालं होतं, आणि शिकलेला सरपंच म्हणून त्याची मान जरा ताठच असे. उद्या ग्रामसभा होती. पाण्याची टाकी कुठं बांधायची, हे गावानं उद्या ठरवलं नाही तर नळयोजना दुसऱ्या गावाला जाणार होती.

"सभागृहाला फरशी घातली. पंखे लावले. दवंडी दिली. तरी येतात मोजकी टाळकी. विचारलं, टाकी कुठं हवी? तर म्हणतात, तुमी म्हनाल तसं! पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय?"

"मग तूच ठरव."

"तेच नको आहे ना! ग्रामसेवक म्हणतात, घरोघर फिरून सह्या आणतो. पण टाकी गावाची आहे, बाबा. गावानं बोलायला नको?"

बाबांनी मान डोलावली. पुन्हा दांडक्याचा ठोका...

गावाबाहेर फकीरबाबांची झोपडी, आणि भोवती जुनी चिंचेची झाडं. या दिवसांत उन्हं कलली की गावातल्या बायका इथं चिंचा फोडायला बसत. त्यांची बडबड रेवणसिद्धला पार ओढ्यापासून ऐकू आली होती. तो आला, आणि सगळ्यांच्या जिभेला कुलूप लागलं.

"यांनाच विचारतो. केराकाकू, टाकी कुठं असावी?"

केराबाईंनी पदर पुढं ओढला. "आमाला काय कळतंय, सरपंच. तुमी म्हनाल तसं."

"पाहिलंत?" रेवणसिद्ध बाबांना म्हणाला.

बाबांनी एक चपटा दगड त्याच्यापुढं सरकवला. त्यावर दांडकं ठेवलं, आणि पोत्यातून ओंजळभर चिंचा ओतल्या.

"बाबा, मला वेळ नाही..."

"इथं रिकाम्या हातानं कुणी बसत नाही."

कडक इस्त्रीच्या कपड्यांत सरपंच मातीत बसला. पहिलाच ठोका अंगठ्यावर.

कुणीतरी फिसकन हसलं. "अवो, चिंच फोडायची, बोट न्हवं!"

तोही ओशाळून हसला. मग मुकाट्यानं फोडत राहिला. चिंचोके एकीकडं, गर एकीकडं. हळूहळू बायका त्याला विसरल्या. कुणाच्या सुनेचं बाळंतपण निघालं, कुणाची हरवलेली शेळी निघाली. आणि मग पाणी निघालं.

"शाळेपाशी टाकी बांधत्यात म्हनं," केराबाई म्हणाल्या. "वरच्या आळीला पानी चढंल व्हय? आमी जन्मभर घागरीच व्हायच्या?"

"मग टेकडीवर बांधा की."

"तिकडं मसनवाट हाय, बाई."

"असंना! मेल्याली उठून पानी प्यायला येत्यात का?"

हशा पिकला.

"हसू नगा. टेकडीवर बांधली, तरी आदी खालच्या आळीनं उपसलं तर?"

"मग येळ वाटून घ्यायची. सकाळी वरच्यांनी, सांजच्याला खालच्यांनी."

"आन् सकाळी आमी काय तोंडं बघायची?"

जुंपलीच. दांडकी ठोके देत होती, आणि रेवणसिद्धचा जीव सुपाएवढा झाला होता. वर्षभर ज्यासाठी घसा कोरडा केला, ते इथं धुळीत बसून चाललं होतं. त्याला राहवेना. तो ताडकन उठला.

"हेच! काकू, अगदी हेच उद्या सभेत बोला. मी माइक देतो तुमच्या हातात!"

दांडकी थांबली.

पदर पुढं आले. केराबाई खाली बघत म्हणाल्या, "न्हाई बा... आमी आपलं सहज बोललो. तुमी म्हनाल तसं."

सरपंच चिंचेनं चिकट झालेले हात घेऊन उभा राहिला. त्याला रडू यायचंच बाकी होतं.

"बाबा..." तो कसाबसा म्हणाला, "सभा उद्या आहे हो."

बाबांनी मान वर केली नाही.

"बस खाली," ते म्हणाले. "पोतं अजून अर्धं आहे."