‘थांब’ची खूण

फार पूर्वी एका डोंगराच्या पायथ्याशी तांबटांचे एक गाव होते. बातमी आली तो दिवस नेहमीसारखाच होता. आळीत हातोडे चालले होते, हंड्यांना आकार येत होता आणि आळीच्या टोकाला एका पडवीत शाळा भरली होती.

त्या शाळेत कोणी ओरडत नसे. ओरडून उपयोगच नव्हता. हातोड्यांपुढे शेजारच्याचे बोलणेही धड ऐकू येत नसे. म्हणून थोरल्या गुरुजींनी खुणा बसवून दिल्या होत्या. उत्तर येत असेल तर उघडा हात वर. समजले नसेल तर मूठ छातीवर. दुसऱ्याचे पटले नसेल तर दोन बोटे. ज्याची पाळी येई तो मधोमध उभा राही आणि बाकीचे त्याच्याभोवती गोळा होऊन ऐकत.

गुरुजींची स्वतःची खूण एकच होती. तळवा पुढे करायचा, म्हणजे ‘थांब, तुला पाहिले आहे’. तिचा नियम कडक होता. ज्याला थांब म्हटले, त्याच्याकडे शाळा सुटण्याआधी परत वळायचेच.

म्हातारपणी ते लेकीच्या गावी राहायला गेले आणि शाळा त्यांच्या शिष्याकडे आली. त्याला सगळे धाकटे गुरुजी म्हणत.

त्या दिवशी लेकीच्या गावाकडून एक मीठविक्या आला. तो आळीत काही बोलला आणि एकेक हातोडा थांबत गेला. शेवटचा हातोडा थांबला तेव्हा पडवीत स्पष्ट ऐकू आले की थोरले गुरुजी गेले.

दुखवटा संपल्यावर पाटील म्हणाले, “त्यांच्या नावाने टेकडीवर नवी शाळा बांधू. तिथे हातोडे ऐकू येणार नाहीत.”

“मग खुणांचे काय?” धाकट्या गुरुजींनी विचारले.

“खुणा होत्या त्या आवाजापायी. आता पोरांना तोंडे आहेत की.”

धाकट्या गुरुजींना ते पटले. शाळा टेकडीवर गेली आणि खुणा आळीतच राहिल्या.

वर शांतता होती, पण ती पहिल्याच दिवशी संपली. प्रश्न पुरा व्हायच्या आत पाटलांचा मुलगा उत्तर देई. त्याच्या मागून चारपाच जण तेच उत्तर आणखी मोठ्याने देत. शाळा भलतीच हुशार झाली असे सगळ्यांना वाटू लागले.

येसू नावाची एका तांबटाची मुलगी मात्र गप्प झाली. खाली असताना तिची दोन बोटे सारखी वर असत. आता ती हात मांडीखाली घेऊन बसे.

एके दिवशी तिचा बाप टेकडी चढून आला. “गुरुजी, पोरगी इथे बोलत नाही, असं पोरं सांगतात. घरी तर माझ्या ठोकाठोकीत कोण काय बोलतं ते मला कळत नाही. बायको पण माझ्याशी भांडून थकली, आता नुसती हातवारे करते. उद्यापासून येसूला भात्यावर बसवतो. तिथे बोलावं लागत नाही.”

“जरा थांबा,” धाकटे गुरुजी म्हणाले, आणि त्यांचा तळवा आपोआप पुढे झाला.

तो हात तसाच राहिला. त्यांना थोरले गुरुजी निघाले ती सकाळ आठवली. गाडी पडवीसमोरून चालली होती, हातोडे चालू होते, आणि गाडीत बसलेल्या थोरल्या गुरुजींनी उघडा हात वर केला होता. त्यांना काही सांगायचे होते. धाकटे गुरुजी एका मुलाचा पाढा ऐकत होते. त्यांनी तळवा पुढे केला. पाढा संपला तेव्हा गाडी वळणाआड गेली होती. दसऱ्याला जाऊन विचारू, असे त्यांनी ठरवले होते.

“काय झालं गुरुजी?” येसूच्या बापाने विचारले.

“काही नाही. बसा दारात.”

ते मुलांकडे वळले. “आजपासून खुणा परत सुरू. तोंड उघडेल त्याची पाळी शेवटी. सांगा, हंड्याला बारीक चीर असेल, तर पाणी न भरता कशी ओळखाल?”

पाटलांच्या मुलाने तोंड उघडले, मिटले आणि हात वर केला. पाळी आल्यावर म्हणाला, “हातात धरून वाजवायचा. बद्द वाजला की चिरलेला.”

मागच्या रांगेत दोन बोटे वर आली. गुरुजींनी तळवा पुढे केला. आधी हात वर केलेल्यांचे ऐकून घेतले आणि मग ते येसूकडे वळले.

ती मधोमध येऊन उभी राहिली. “धरला तर चांगला हंडाही बद्दच वाजतो. दोरीला टांगायचा आणि मग वाजवायचा.”

पाटलांचा मुलगा म्हणाला, “एवढं येत होतं, तर इतके दिवस बोलली का नाहीस?”

“तू श्वास घेशील म्हणून वाट बघत होते.”

सगळी शाळा हसली. तोही हसला. येसूचा बाप दारातून उठला आणि भात्याचा विषय न काढता टेकडी उतरला.

खुणा हातोड्यांसाठी नव्हत्याच, हे त्या दिवशी साऱ्या गावाला कळले. पुढे टेकडीवरची शाळा दूरदूर नावाजली आणि त्या गावातल्या पंचायतीतही लोक हात वर करून पाळीने बोलू लागले.

तेव्हा लहानमोठ्यांनो, ध्यानात ठेवा: ज्याला थांब म्हटले, त्याच्याकडे वेळेत परत वळावे.

थोरल्या गुरुजींना काय सांगायचे होते, ते विचारायचे राहून गेले.