सोळाव्या सोमवारचे मौन

एका गावात महादेवाच्या देवळाला लागून एक वृद्धा राहत असे. सारे तिला माई म्हणत. चिमणी मातीत का न्हाते, वाटेवरच्या झाडाचे फळ कोणी घ्यावे, गावाचे नाव कशावरून पडले, अशा नाना शंका घेऊन माणसे तिच्या ओसरीवर येत आणि तिचा शब्द प्रमाण मानून जात.

एकदा माईने सोळा सोमवारांचे व्रत धरले. उपवास होताच, शिवाय दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत मौन. खंड पडला तर पुन्हा पहिल्या सोमवारापासून सुरुवात, असा संकल्प. पंधरा सोमवार निर्विघ्न पार पडले. सोळाव्या दिवशी तिची तरुण शिष्या सकाळपासून दारात राखण करीत बसली. उद्यापनाच्या चूर्म्यासाठी तिने गहूसुद्धा निवडून ठेवले होते.

प्रथम एक व्यापारी आला. "नद्या सगळ्या गोड्या, मग समुद्र खारा कसा? माईंना विचारायचं होतं."

"माईंचं मौन आहे. उद्या या."

"बरं," म्हणून तो ओसरीवर जरा टेकला.

इतक्यात गावातली सगुणी अनवाणी धावत आली. "माझी ढवळी चरता चरता शेजाऱ्याच्या मळ्यात शिरली आणि तिथेच व्याली हो! तो गाईला हाकलतो नि वासरू बांधून ठेवतो. म्हणतो, माझ्या जमिनीत जन्मलं ते माझं. असा कायदा असतो का?"

व्यापाऱ्याला हसू आले. "त्याच्या झाडावर कावळीने अंडी घातली, तर पिल्लांचं बारसंही तोच करणार वाटतं!"

शिष्या मात्र गंभीरपणे म्हणाली, "ताई, आज सोळावा सोमवार आहे. उद्या या."

"उद्या?" सगुणीने मळ्याकडे बोट दाखवले. "अहो, जन्मल्यापासून चिकाचा थेंब नाही त्याच्या पोटात."

दुरून ढवळीचा हंबरडा ऐकू आला. आत माईने जपमाळ खाली ठेवली. ती बाहेर आली आणि स्पष्ट शब्दांत म्हणाली, "ज्याची गाय, त्याचं वासरू. जमीन कोणाची का असेना. चल, मीच येते."

शिष्येने तोंडावर हात ठेवला.

मळ्यात शेजारी चपापला. "माई, आज तुमचं मौन ना?"

"होतं. सोड तो दोर."

"मी आपलं गमतीनं..." असे पुटपुटत त्याने दोर सोडला. वासरू लटपटत आईच्या कासेला लागले, तेव्हा कुठे ढवळीचे हंबरणे थांबले.

परतताना शिष्या रडवेली झाली होती. "माई, नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं ना?"

"मान हलवली असती, तर त्याने सोयीचा अर्थ काढला असता. त्याला शब्दच हवा होता."

"पण पंधरा सोमवार वाया गेले!"

माई थांबली. "वाया कसे गं? मौन धरलं होतं कशाला? आपली बडबड थांबावी आणि दुसऱ्याचं ऐकू यावं म्हणूनच ना? ते ऐकूनही मी माळ ओढत बसले असते, तर माझी ती सेवा महादेवाने घेतली असती का? समुद्र उद्याही खाराच राहणार आहे, बाळ. त्या वासराला उद्या होता की नाही, कोणास ठाऊक."

दुसऱ्या दिवशी सगुणी खरवस घेऊन आली. "वासराचं पोट भरून उरलेल्या चिकाचा आहे हो," तिने आधीच सांगून टाकले. व्यापाऱ्यालाही वाटीभर मिळाला, आणि उत्तरही. नद्या वाटेतल्या दगडमातीतले थोडे थोडे मीठ घेऊन जातात. उन्हाने पाणी वर जाते, मीठ मागे राहते.

निवडलेले गहू शिष्येने न कुरकुरता पुन्हा मडक्यात भरले. पुढच्या सोमवारी माईचा पुन्हा पहिला सोमवार होता. शिष्या दारात बसली होतीच. कोणी आले की आधी पाण्याचा तांब्या पुढे करी, आणि मग हळूच विचारी, "उद्यापर्यंत थांबण्यासारखं आहे ना?"

आपल्या दाराशी आलेल्यालाही एवढे विचारून पाहावे. व्रतच आहे तेही.